नीहारकणाची जीभ

नीहारकणा कुंडूबद्दल आमच्या गल्लीत दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे ती कुणाचं मन राखायला म्हणून बोलत नाही. दुसरी म्हणजे घरी बसलेल्या नवऱ्याला तिने पुन्हा कामाला लावलं. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्ही एकाच दिवशी खऱ्या नव्हत्या. हे गल्लीला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं मूग गिळून बसल्यामुळे आता ते पचेनासे झालेत.

मी तरुबाला. सगळे तरुदी म्हणतात. कलकत्त्यात शोभाबाजारच्या मागे आमचं घर, त्यात नऊ बिऱ्हाडं आणि एक नळ. नीहारच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे आणि फळ्यांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत. त्यामुळे मी कान लावून ऐकते असं जे खालच्या मजल्यावरची मंडळी म्हणतात ते खोटं आहे. कान झाकले तरी ऐकू येतं.

नीहारचे वडील बैकुंठबाबू म्हणजे त्या काळचे संदेश नावाच्या मिठाईचे मोठे कारागीर. दूध नासलं की बाकीच्या देशात बायका हळहळतात. आमच्याकडे त्यावरच संसार चालतात. नासलेल्या दुधाचा छाना फडक्यात बांधायचा, मळायचा, साखरेबरोबर कढईत ढवळायचा आणि एका ठरावीक क्षणी उतरवायचा. तो क्षण चुकला की संदेश रवाळ होतो. बैकुंठबाबू लहानग्या नीहारला कढईशेजारी पाटावर बसवत आणि प्रत्येक घाण्यातली पहिली चिमूट तिच्या जिभेवर ठेवत. ती डोळे मिटून सांगे, "बाबा, उशीर झाला." बापाचं तोंड पडे, पण तो घाणा दुकानात जात नसे. तिला एक भाऊ होता, पण त्याला मीठ आणि साखर यांतला फरक चाखूनही दोनदा सांगावा लागे. तो पुढे आसनसोलला एका विद्यार्थी-वसतिगृहात व्यवस्थापक झाला आणि सुखी झाला.

बैकुंठबाबूंच्या हाताखाली तीनकोडी कुंडू शिकत होता. आधीची भावंडं दगावली म्हणून सुईणीने त्याला तीन कवड्यांना विकत घेतल्याचं नाटक केलं होतं, म्हणून हे नाव. यमाला फसवायला ठेवलेलं नाव माणसाला जन्मभर पुरतं. बैकुंठबाबूंनी त्याला मुलगी दिली ती त्याचा हात बघून, बाकी बघण्यासारखं काही नव्हतंच. उंच, वाकलेला, कान मोठे, बोलणं जवळजवळ नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्याने दुकानातून पहिल्या घाण्याचा संदेश पळसाच्या पानात बांधून बायकोसाठी आणला. नवीन नवरी काय म्हणेल? लाजेल, हसेल. नीहार म्हणाली, "वेलदोडा का घातलात? छाना शिळा होता ना?"

छाना खरंच शिळा होता.

मी भिंतीपलीकडे होते. मला वाटलं, संपलं, ही पोरगी माहेरी जाणार. पण तीनकोडी म्हणाला, "मालकाला सांगितलं होतं मी, ऐकलं नाही त्याने." आणि दोघं तासभर शिळ्या छान्यावर बोलत बसली. त्या दिवसापासून नऊ वर्षं तो रोज संध्याकाळी एक संदेश आणत असे आणि ती निकाल देत असे. साखर चिमूटभर जास्त. आज मळताना घाई केलीत. आज बरोबर. 'आज बरोबर' महिन्यातून दोनदा-तीनदा येई, आणि त्या दिवशी तीनकोडी जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेई. इतर नवरा-बायका ज्या गोष्टी बोलतात त्या त्यांनी कधी बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. त्यांना टुनी नावाची मुलगीही झाली, म्हणजे अगदीच अबोला नव्हता.

मग पासष्ट साल आलं. भात मिळेना, दूध मिळेना, आणि सरकारला कुणीतरी सांगितलं की कलकत्त्याचं सगळं दूध संदेश-रसगुल्ल्यात जातंय. सरकारने छान्याची मिठाई बंद केली. बंद म्हणजे बंद. विकली तर पोलीस. दारूबंदी आम्ही ऐकली होती, मिठाईबंदी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्यासारख्या विधवेला मासा नाही, कांदा नाही, मसूर नाही. शास्त्र लिहिणाऱ्याच्या नजरेतून गोड तेवढं सुटलं होतं. ते सरकारच्या नजरेला पडलं. मला आयुष्यात राजकारण समजलं ते तेवढ्यापुरतं.

तीनकोडीच्या दुकानाचे मालक कुंजबाबू व्यवहारी माणूस. त्यांनी आठवड्यात कढया बदलल्या आणि बुंदीचे लाडू सुरू केले. बेसनावर बंदी नव्हती. तीनकोडीला म्हणाले, ये, झारा धर, पगार तोच. तीनकोडी म्हणाला, बेसनाला हात लावला की हात मरतो.

हे कारागिरांचं जुनं वेड आहे. छान्याचा हात वेगळा, तळणाचा वेगळा. तळणाच्या आचेने तळहात जाड होतो आणि मग छाना कधी उतरवायचा ते हाताला कळत नाही, असं म्हणतात. बैकुंठबाबूही म्हणत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण त्या वर्षी कुमारटुली ते बागबाजार सगळे कारागीर हे म्हणत म्हणत मुकाट्याने लाडू वळायला गेले. एकटा तीनकोडी गेला नाही. हात राखत घरी बसला.

नीहारने पहिले दोन महिने काही म्हटलं नाही. बैकुंठबाबूंची मुलगी ती, तिला ते पटलंही असेल. मग डबे रिकामे झाले. तिने गल्लीच्या टोकाच्या पुरुषांच्या मेसमध्ये स्वयंपाकाचं काम धरलं. सकाळी भात-डाळ, संध्याकाळी पुन्हा तेच. बावीस कारकुनांचं जेवण. संदेशाच्या निकालात एक चिमूट साखर पकडणारी जीभ आता किडक्या तांदळाचा भात चाखू लागली. मला तिचा फार कळवळा आला. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तरुदी, कळवळा ठेवा आणि टुनीकडे लक्ष ठेवा."

दुर्गापूजा आली आणि गेली. विजयादशमीला एकमेकांकडे जाऊन तोंड गोड करायचं, तर त्या वर्षी आम्ही एकमेकांना नारळाच्या वड्या दिल्या आणि एकमेकांकडे बघितलं नाही. मग टुनीला टायफॉइड झाला. साडेचार वर्षांची पोर, उठली तेव्हा काडी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, दूध पाजा. दूध काय वाटेत पडलं होतं? नीहारने कुणाकुणाचे पाय धरून सरकारी दुधाचं कार्ड मिळवलं. पहाटे डेपोवर रांगेत उभी राहायची, बाटली घरी आणून ठेवायची आणि मेसमध्ये पळायची. दूध पाजण्याचं काम बापाकडे. बापाला दुसरं काम नव्हतंच.

टुनी दूध बघितलं की तोंड फिरवायची. पाजलं तर ओकायची. आठ दिवस मी भिंतीपलीकडून तेच ऐकत होते. बापाच्या विनवण्या, पोरीचं रडणं, मग फडक्याने जमीन पुसल्याचा आवाज. नवव्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. दुपारी दोन वाजता मात्र वास आला.

आमच्या गल्लीत जन्मलेल्या माणसाला त्या वासाचं नाव सांगावं लागत नाही. मी उठले, दार लोटलं. तीनकोडी पाटावर बसला होता. शेगडीवर लहानशी कढई, हातात लाकडी उलथणं. खिडकीला गोधडी लावलेली. घरच्या घरी करायला बंदी नव्हती असं पुढे लोक म्हणाले, पण तेव्हा कुणाला काय माहीत? टुनी त्याच्या मांडीला टेकून तोंडाचा आ करून बसली होती. त्याने माझ्याकडे बघितलं. खून करताना धरलेला माणूस तसा बघत असेल.

"दूध पीत नाही ती," तो म्हणाला. "हे खाते."

पोर खरंच खात होती. दूध पोटात गेल्याशी कारण, घोटाने गेलं काय नि घासाने गेलं काय. मी हे म्हणणारच होते, तेवढ्यात त्याने एक छोटा संदेश माझ्या तळहातावर ठेवला. मी मागितला नव्हता. पण नाही म्हणणं मला आयुष्यात एकदाच सुचलं, तेही माझ्या लग्नाच्या वेळी, आणि तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं.

म्हणाला, "हिच्या आईला सांगू नका."

मी नाही सांगितलं. एक दिवस नाही, महिना नाही, तब्बल तीन महिने. रोज दुपारी एक. हिवाळ्यात खजुराचा नवा गूळ आला तेव्हा कुठूनसा चमचाभर मिळवून त्याने त्यातही केले. टुनीच्या गालावर मांस आलं. नीहार संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन म्हणे, बघा, दुधाने कसा गुण आला. तीनकोडी जमिनीकडे बघे. मी माझ्या खोलीत गप्प बसे. माझी लाज मी सांगतेय ती कुणी क्षमा करावी म्हणून नाही. जे झालं ते झालं.

पण संदेशाला साखर लागते, आणि साखर रेशनची. नीहार महिनोन्‌महिने चहा बिनसाखरेचा पीत होती. तिचा समज असा की रेशनवाला पतितपावन साहा काट्यात मारतो. समज चुकीचा नव्हता. पतितपावन सगळ्यांना काट्यात मारायचा. घरी मात्र कुरबुर वाढत होती. नवऱ्याशी ती आता कामापुरतंच बोलायची. तो संदेश आणत नव्हता, ती निकाल देत नव्हती, आणि ते सोडून त्यांना बोलायला दुसरं काही येत नव्हतं. पौषात आसनसोलहून भावाचं पत्र आलं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला बाई हवी आहे, राहायला खोली आहे, पोरीला शाळा आहे. तू आणि टुनी या. तीनकोडीबद्दल पत्रात काही लिहिलेलं नव्हतं.

पौषात घरची बाई घर सोडत नाही, चैत्रातही नाही. म्हणजे जायचं तर माघ-फाल्गुनात. नीहारने एका रात्री जेवणानंतर नवऱ्याला सांगितलं, आणि फळ्यांमुळे मलाही. ओरडली नाही. म्हणाली, फाल्गुन संपेपर्यंत कुंजबाबूंकडे जा. झारा धरा, भांडी घासा, काय वाटेल ते करा. नाही गेलात तर मी टुनीला घेऊन दादाकडे जाते, आणि गेले की परत येणार नाही. तिचं 'जाते' ऐकून मी अंथरुणावर उठून बसले. आमच्यात घरातून निघताना बाई 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. ती मुद्दाम म्हणाली होती.

तीनकोडी म्हणाला, "हात मरेल गं."

"मग हात घेऊन बसा," ती म्हणाली.

माघ गेला. फाल्गुनही निम्मा गेला. तीनकोडी कुठे गेला नाही. दुपारी दोनला वास येतच होता, आणि मीही जातच होते. मला वाटायचं, आज याला चार शब्द सुनवावेत. मग तो तळहातावर संदेश ठेवायचा, आणि भरल्या तोंडाने कुणाला काय सुनावणार?

फाल्गुनातले दहा दिवस राहिले असताना नीहार रेशनच्या रांगेत पतितपावनवर तुटून पडली. पोरीच्या तोंडचं पळवतोस, तीन महिने माझ्या चहात साखर नाही, तुझ्या सुनेच्या अंगावर नवी साडी कुठून येते, असं बरंच. रांग खूश. मागून आवाज उठू लागले. पतितपावनचा रंग उडाला आणि मग एकाएकी परत आला, कारण त्या दिवशी तपासणीला माणूस येणार म्हणून त्याने सगळ्यांना बरोबर तोललं होतं. त्याने तिचीच पिशवी सगळ्यांसमोर पुन्हा काट्यावर ठेवली. काटा जागचा हलला नाही. आयुष्यात एकदा प्रामाणिकपणा केला आणि त्याच दिवशी पकडला गेला, तोही निर्दोष म्हणून. शांतपणे म्हणाला, "माई, साखर माझ्या दुकानातून पुरी जाते. घरी मुंग्या किती मोठ्या आहेत ते बघा."

लोक हसले. तीन महिने जे तिच्या बाजूने होते तेही हसले. नीहार पिशवी घेऊन घरी आली, साखर डब्यात ओतली, हाताने सपाट केली आणि डब्याला आतून नखाने रेघ मारली. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेसमधून अवेळी परत आली. मी आतच होते, तोंडात संदेश. टुनी तिसरा खात होती. तीनकोडी कढई खरवडत होता. दारात नीहार उभी. मला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

तिने कढई बघितली, रिकामी दुधाची बाटली बघितली, साखरेचा डबा उघडून रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "तरुदी, तुम्हीसुद्धा?" म्हणाली. त्यापेक्षा झाडूने मारलं असतं तर बरं झालं असतं.

तीनकोडीने सगळं एका दमात सांगितलं. दूध, ओकाऱ्या, आठ दिवस, नवव्या दिवशी सुचलं ते. त्याला इतकं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. नीहार दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पोरीचं ऐकून तिचा चेहरा थोडा सैल पडला. मला वाटलं, निभावलं. मग तिने विचारलं,

"पोरीला दिलात. शेजारणीला दिलात. मला एक नाही?"

तीनकोडीने उलथणं कढईत ठेवलं.

"तीन महिने मी बिनसाखरेचा चहा पिते. त्या साखरेतला एक घास माझ्यासाठी पानात ठेवावासा वाटला नाही?"

"तुझ्यासमोर ठेवायची छाती झाली नाही," तो म्हणाला. "सरकारी दूध, घरची शेगडी, पोरीच्या खेळण्याएवढा घाणा. टुनीला सगळं गोडच लागतं. तरुदींनाही सगळं गोडच लागतं. तुला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"हात आहे की गेला, ते."

नीहार बाहेर नळावर गेली, तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली आणि येऊन पाटावर बसली. आणि तळहात पुढे केला. तीनकोडीने कढईतला शेवटचा संदेश उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्या तळहातावर ठेवला. एवढा मोठा माणूस, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

तिने डोळे मिटले. मी तिला लहानपणापासून ओळखते. बापाच्या कढईशेजारी अशीच बसायची. फार वेळ लागला. टुनीने दोनदा 'आई' म्हटलं, तिने उत्तर दिलं नाही. मग डोळे उघडून नवऱ्याकडे सरळ बघत म्हणाली,

"गेला."

तीनकोडीने मान हलवली. वर्षानुवर्षं निकाल ऐकताना हलवायचा तशीच. म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"जो राखायला बसलात, तो बसूनच गेला," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "बाबांचाही गेला होता एकदा. कावीळ झाली होती तेव्हा. सहा महिने हुगळीला कुणाकडे बुंदी पाडायला गेले, कुणाला सांगितलं नाही. हाताला काय ढवळतोय ते कळत नाही हो, ढवळतोय एवढंच कळतं. चालू राहिला की परत येतो."

"उस्तादांनी बुंदी पाडली?"

"सहा महिने."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनकोडी आंघोळ करून कुंजबाबूंकडे गेला. मरायचा हात आधीच मेला होता, मग बेसनाची भीती कसली? नीहारने भावाला दोन ओळींचं पोस्टकार्ड टाकलं की हे कामाला लागले, आम्ही येत नाही. गल्लीत बातमी पसरली की नीहारने एका शब्दात नवऱ्याला ताळ्यावर आणलं. पतितपावनने मात्र तो जिवंत होता तोवर तिला काट्यात मारलं नाही, घाबरत असावा. टुनी दूध पिऊ लागली, कारण आता दुसरं काही मिळत नव्हतं. मीही काही दिवस तोंड लपवून होते. मग एक दिवस नीहारने माझ्या उंबऱ्यावर शिजवलेला लाल भोपळा आणून ठेवला, आणि तो विषय मिटला असं मी धरलं.

संसार पुन्हा लागला. लग्नात लागतो तसा नाही, तुटलेलं भांडं डाग देऊन लागतं तसा. पण गळत नव्हता.

पुढे एक दिवस बंदी उठली. तारीख मला विचारू नका. शोभाबाजारात लोकांनी शंख वाजवले. रसगुल्ल्यासाठी रांग लागली ती सिनेमाला लागत नाही. कुंजबाबूंनी छान्याच्या कढया काढल्या आणि पहिली हाक मारली ती तीनकोडीला. तीनकोडी हात जोडून म्हणाला, माझा हात गेला आहे मालक, मला बुंदीवरच राहू द्या.

संध्याकाळी हे ऐकून नीहारचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. मी नळावर होते. ती म्हणाली, अहो, आला असेल परत, किती महिने झाले. तो म्हणाला, सहाच्या तिप्पट झाले, यायचा असता तर कळलं असतं. ती हट्टाला पेटली. डेपोचं दूध आणलं, साखर पुढे ठेवली, करा म्हणाली. त्याने केला. तिला खूश करायला केला, चेहऱ्यावर आशा म्हणून नव्हती. तिने चाखला.

"आज बरोबर," ती म्हणाली.

तीनकोडी हसला. मी त्याला हसताना फार वेळा बघितलेलं नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, मी दारात उभी असताना, आणि म्हणाला, "पूर्वी तू माझं मन राखत नव्हतीस गं. आता राखायला लागलीस. बरं वाटलं." आणि उठून बाहेर ओट्यावर बिडी ओढायला गेला.

नीहार माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. भिंतीचा काही उपयोग नाही हे तिलाही माहीत होतं, म्हणून अगदी हळू बोलली.

"तरुदी, त्या दिवशीचा संदेश चांगला होता."

मला आधी कळेचना कुठला दिवस.

"बाबांनी तसा उभ्या जन्मात केला नाही. सरकारी दुधाचा, त्या शेगडीवर. मी डोळे मिटून बसले होते ना, ते चाखायला नव्हे. काय बोलावं ते ठरत नव्हतं. चांगला म्हटलं असतं तर हे हात राखत बसले असते, आणि मला दहा दिवसांनी आसनसोलची गाडी धरावी लागली असती."

"आणि तुझ्या बाबांची कावीळ?"

"बाबांना कधी पडसंही झालं नाही."

"अगं, मग सांग ना त्याला. आत्ता सांग."

"काय सांगू? की तेव्हा खोटं बोलले? मग आजचं खरं कशावरून?"

मी दुसऱ्या दिवशी स्वतःच तीनकोडीला गाठलं. म्हटलं, अरे, मी ते तीन महिने रोज खाल्ले आहेत, अमृत होते रे. तो म्हणाला, "तरुदी, तुम्हाला रेशनचा गूळही अमृत लागतो." हे खरं आहे. माझ्या जिभेवर विश्वास ठेवायला कुणी मला पाटावर बसवून वाढवलं नव्हतं. मग मीही गप्प बसले. पण त्या दोघांचा मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की मी त्या दिवशी एकादशी नसताना उपास केला.

तीनकोडी आता म्हातारा झाला. त्याच्या बुंदीला चांगलं नाव आहे, लग्नसराईत माणसं त्याला घरी बोलवायला येतात. संध्याकाळी तो येतो, पाय धुतो, जेवतो. लाडू कधी चाखायला आणत नाही. बुंदीत काय चाखायचं, म्हणतो. टुनीचं लग्न झालं. पत्रात ती आईला विचारते, कसं चाललंय तुमचं. नीहार मला पत्र वाचायला लावते आणि उत्तर सांगते, लिहा, छान चाललंय. मी लिहिते. पूर्वी ती छान म्हणाली की ते छान असायचं. आता मी टाक थांबवून तिच्या तोंडाकडे बघते, आणि मला काही कळत नाही.